मंजूर, कबूल आणि वडगावचा तह

लोणावळ्याहून जुन्या महामार्गाने पुण्याकडे निघालं की चिक्कीच्या दुकानांच्या खालोखाल पाट्या दिसतात त्या प्लॉटच्या. 'एनए मंजूर', 'आराखडा मंजूर', 'बँक कर्ज मंजूर'. काही नव्या पाट्यांवर त्याच जागी 'अप्रूव्ड' किंवा 'सँक्शन्ड' असं देवनागरीत लिहिलेलं असतं. शब्द कुठलाही वापरा, मावळात जमीन घेणाऱ्याला या एका विशेषणाचे पैसे मोजावे लागतात. माती तीच, डोंगर तोच, पावसाळ्यात समोर पडणारा धबधबाही तोच. पण मंजूर नसेल तर ती नुसती शेतजमीन, आणि मंजूर असेल तर बंगल्याची जागा.

माझ्या ओळखीचे एक शिक्षक आहेत, मराठीच शिकवतात. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "मंजूर हा तुमच्यातला शब्द ना हो?" हेतू वाईट नव्हता. शिरखुर्म्याबद्दल विचारावं तसं विचारलं. पण ज्या शब्दाशिवाय या राज्यात कुणाची रजा, कर्ज, जामीन किंवा ठराव पुढे सरकत नाही, तो 'तुमच्यातला' कसा, हे नीट पाहावंसं वाटलं. पाहता पाहता मी पुन्हा मावळातच येऊन पोचलो, वडगावात, जानेवारी १७७९ मध्ये. पण तिथे जाण्याआधी शब्दाचं थोडं पाहू.

मंजूर हा शब्द मूळ अरबी. 'न-ज़-र' या धातूपासून झालेला, अर्थ 'पाहिलेला'. नजर हा शब्द त्याच घरातला. ज्या साच्यातून मंजूर निघाला त्याच साच्यातले बरेच शब्द मराठीने घेतलेले आहेत. मजकूर म्हणजे मुळात 'उल्लेखलेला', महसूल म्हणजे 'गोळा झालेला', मशहूर म्हणजे 'प्रसिद्धी मिळालेला'. (नजराणा मात्र या घरातला नव्हे. तो नवस या अर्थाच्या वेगळ्या अरबी शब्दावरून आला. मराठीत दोन्ही 'ज' एकच झाल्यामुळे ते भाऊ भाऊ वाटतात.)

पण 'पाहिलेला' आणि 'मान्यता मिळालेला' यांत बरंच अंतर आहे. आज इराणमध्ये कुणी 'मंज़ूर' म्हणालं तर त्याला बहुधा 'हेतू' किंवा 'म्हणायचा अर्थ' अभिप्रेत असतो. कर्जाला किंवा रजेला लागणारा मंजुरीचा अर्थ पक्का झाला तो हिंदुस्थानातल्या दफ्तरांत. कागद वरच्याच्या नजरेखालून गेला की काम झालं, हा इथला रिवाज. मराठीने तर तो रिवाज देशी शब्दांतही उतरवला. 'एकदा साहेबांच्या नजरेखालून घाला' असं आपण आजही म्हणतो. म्हणजे शब्दाचं हाड अरबी, पण अर्थ इथल्या कचेऱ्यांत वाढलेला. शिक्षकमित्रांना मी एवढंच सांगितलं की हा शब्द घेऊन मक्केला गेलात तर तुमची रजा मंजूर होणार नाही.

इंग्रजी 'अप्रूव्ड'च्या मुळाशी लॅटिनमधलं पारखण्याचं क्रियापद आहे. 'प्रूफ' त्याच घराण्यातला. संस्कृत मान्यच्या मुळाशी मान आहे, संमतच्या मुळाशी एकत्र आलेलं मत. मंजूरच्या मुळाशी पारखणं नाही, मान नाही, एकमतही नाही. फक्त पाहणं आहे. ज्यांनी सरकारी फायलीमागे चपला झिजवल्या आहेत त्यांना हा शब्द सर्वांत प्रामाणिक वाटेल. फाईल बरोबर की चूक हा नंतरचा प्रश्न; ती कुणी पाहिली का, हा पहिला.

होकाराचे आणखी दोन शब्द याच वाटेने आले आणि त्यांच्याशिवाय मंजूरचा स्वभाव कळत नाही.

पहिला कबूल. आमच्या वाचकांना तो सांगायला नको. निकाह उभा राहतो तो ईजाब आणि कबूल यांवर. एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने स्वीकार, आणि ऐकायला साक्षीदार. तिथे कुणी 'मंजूर' म्हणालं तर निकाह बिघडणार नाही, पण कबूलमध्ये जे आहे ते त्यात येत नाही. कबूल म्हणणारा स्वतःला बांधून घेतो. म्हणून मराठीत गुन्हा कबूल होतो, चूक कबूल होते, कर्ज फेडण्याचं कबूल केलं जातं. या ठिकाणी मंजूर घालून पाहा: 'आरोपीने गुन्हा मंजूर केला'. वाक्य हास्यास्पद होतं, कारण मंजूर करणारा स्वतः कशात अडकत नाही. तो वर बसलेला असतो. (मकबूल हेही कबूलचंच रूप, 'स्वीकारलेला'. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या वाट्याला आयुष्याच्या शेवटी काय आलं हे पाहता ते नाव चटका लावून जातं.)

दुसरा राजी. याचं मूळ रज़ा, म्हणजे संतोष, खुशी, त्यातून संमती. सहाबांच्या नावापुढे आपण 'रज़ियल्लाहु अन्हु' म्हणतो ते याच धातूतून. हजरत अलींची मुर्तजा ही उपाधीही त्यातलीच. मराठीत या शब्दाने मोठा प्रवास केला. मालकाची रज़ा घेऊन जायचं, म्हणून जाण्यालाच रजा म्हणू लागले. राजीनामा म्हणजे मुळात संमतीचा लेख. मुंबई इलाख्यातल्या जमीन महसुलात 'राजीनामा-कबुलायत' अशी जोडीच होती: एक खातेदार राजीनामा देऊन जमीन सोडायचा, दुसरा कबुलायत देऊन ती घ्यायचा. पुढे नोकरी सोडण्याचा कागद म्हणजे राजीनामा, एवढाच अर्थ उरला. आता 'रजा मंजूर' किंवा 'राजीनामा मंजूर' हे शब्द पुन्हा वाचा. एक खुशीची संमती, आणि तिच्यावर वरून पडलेली नजर. दोन होकार एकावर एक ठेवले आहेत, आणि दुसरा नसेल तर पहिल्याला काही किंमत नाही.

हे शब्द काढून टाकण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला. सुमारे १३८० फारसी-अरबी-दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. पेशव्याला पंतप्रधान आणि मुजुमदाराला अमात्य म्हणण्याची रीत त्याच काळातली. हे नव्या राज्याचं राजकीय विधान होतं आणि ते मला समजतं. नव्या सिंहासनाला आपली बोली हवी असते. पण पुढच्या शतकात पुण्याच्या कारभाराची धुरा ज्यांच्याकडे आली त्यांना लोक पंतप्रधान न म्हणता पेशवे म्हणाले, आणि त्यांच्या सर्वांत हुशार कारभाऱ्याचं पद होतं फडणवीस, म्हणजे फर्द लिहिणारा. दोन्ही शब्द फारसी. पत्राच्या शेवटी 'मोर्तब सुद' लिहिलं जात राहिलं. ते फारसीतलं 'मुरत्तब शुद', म्हणजे 'पुरं झालं'. त्यातूनच आपलं शिक्कामोर्तब आलं. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. तिने दिनांक, महापौर असे शब्द रुजवले, पण मंजूर हलला नाही. त्याच सुमारास, १९२५ मध्ये, माधव जूलियन या नावाने कविता लिहिणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी फार्सी-मराठी कोश केला. मौलवी अब्दुल हक यांनीही मराठीवरच्या फारसी प्रभावावर उर्दूत पुस्तक लिहिलं. एकाने इकडून पाहिलं, दुसऱ्याने तिकडून, आणि दोघांनाही भरपूर सापडलं.

आता वडगाव. लोणावळ्याहून पुण्याला जाणारी लोकल मळवली, कामशेत, कान्हे करत वडगावला पोचते आणि पुढे तळेगाव. जानेवारी १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची फौज याच पट्ट्यातून पुढे गेली आणि मागे फिरली. तिथे जे घडलं ते कबूल आणि मंजूर यांच्यातल्या फटीत घडलं, असं मला वाटतं. शाळेच्या पुस्तकात वडगावचा तह एका ओळीत येतो, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

मागची गोष्ट अशी. रघुनाथरावांना पेशवाई हवी होती आणि मुंबईच्या इंग्रजांना साष्टी आणि वसई. ६ मार्च १७७५ रोजी दोघांनी सुरतेला तह केला. पण १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने मुंबईला बंगालच्या गव्हर्नर जनरलच्या नजरेखाली आणलं होतं. त्याला विचारल्याशिवाय लढाई किंवा तह करायचा नाही. कलकत्त्याने सुरतेचा तह नामंजूर केला, कर्नल अप्टनला पाठवलं आणि १ मार्च १७७६ रोजी पुणेकरांशी पुरंदरचा तह केला. त्याच वर्षी लंडनच्या संचालकांचं पत्र मुंबईला पोचलं की सुरतेचा तह आम्हाला पसंत आहे! एकाच कंपनीची तीन दफ्तरं. मुंबईने केलं ते कलकत्त्याला नामंजूर, कलकत्त्याला नामंजूर ते लंडनला पसंत. नाना फडणवीसांनी यावर काय विचार केला असेल याची कल्पना करायला फार श्रम पडत नाहीत.

पुण्यातली फूट, आणि नानांच्या दरबारी आलेला फ्रेंच माणूस सेंट लुबिन, ही निमित्तं धरून मुंबईने १७७८ च्या अखेरीस पुन्हा फौज काढली. सुमारे ३९०० माणसं आणि १९ हजार बैल. सेनापती कर्नल एगर्टन. त्याच्यावर मुंबईने एक समिती बसवली होती, तिच्यात जॉन कार्नॅक प्रमुख. बोरघाट चढून फौज खंडाळ्याला आली आणि तिथून कार्ल्यापर्यंतच्या आठेक मैलांना तिने अकरा दिवस घेतले. आज हे अंतर वीस मिनिटांचं आहे, रविवारी संध्याकाळ नसेल तर. मराठ्यांनी समोरासमोर लढाई दिली नाही. बाजूने टोचत राहिले, रसद तोडली, गावं रिकामी केली.

४ जानेवारीला कार्ल्याला कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट मारला गेला. हा तोच 'इष्टुर फाकडा'. स्ट्युअर्टचं इष्टुर झालं हे सोपं आहे, पण फाकडा हे विशेषण मराठ्यांनी आपल्या शत्रूला लावलं. आपल्यातल्या मानाजी शिंद्यांना जे विशेषण लावत, तेच. देखणा, बेडर, रुबाबात लढणारा. त्याला ना कलकत्त्याची सही लागली ना मोर्तब. वडगावात त्याची समाधी दाखवतात. ज्या सेनेशी तो लढत होता तिनेच त्याचं नाव मराठीत ठेवलं. त्याच्या कंपनीचे बाकीचे साहेब मात्र इथल्या आठवणीत नावानिशी उरले नाहीत.

९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले. गाव ओसाड, अन्नाचा कण नाही. पुणं तिथून फार लांब नव्हतं, पण समितीचा धीर सुटला. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून, सामान जाळून फौज मागे फिरली. पिछाडीला कॅप्टन हार्टलीने चांगली झुंज दिली. कशीबशी वडगावला पोचली आणि तिथे पुरती कोंडली गेली.

मग फार्मर नावाचा माणूस बोलणी करायला मराठ्यांकडे गेला. त्याला सांगून पाठवलं होतं की कलकत्त्याच्या मंजुरीशिवाय तह करण्याचा आम्हाला अधिकार नाही, असं म्हण. महादजी शिंद्यांनी त्यावर उलट विचारलं की मग कर्नल अप्टनने केलेला तह मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला होता? मला हा अख्ख्या मोहिमेतला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो, फाकड्याच्या मृत्यूपेक्षाही. तलवार घेऊन घाट चढताना वरच्याची नजर आठवली नाही, आणि वेढ्यात सापडल्यावर ती आठवली. मंजुरी ही अशी ढाल झाली की ती सोयीच्या वेळीच बाहेर निघते. महादजींनी ती ढाल एका प्रश्नात बाजूला केली.

समितीने शेवटी सगळं कबूल केलं. रघुनाथरावांना ताब्यात देणं, १७७३ पासून घेतलेली साष्टी वगैरे ठाणी परत करणं, बंगालहून निघालेल्या गॉडर्डच्या फौजेला मागे फिरवणं, आणि महादजींना भडोचच्या महसुलातला इंग्रजांचा वाटा. ओलीस म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्ट्युअर्ट मागे राहिले. अट मान्य होताच मराठ्यांनी फौजेला घाट उतरू दिला, उपाशी माणसांना खाऊपिऊ घातलं.

घाट उतरल्यावर समितीने पहिलं काम काय केलं, तर गॉडर्डला दिलेला मागे फिरण्याचा हुकूम थांबवला. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि त्याच्या कौन्सिलने तह नाकारला. कारण तेच, समितीला अधिकार नव्हता. कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जनेही तो धरला नाही. लंडनच्या संचालकांनी कार्नॅक, एगर्टन आणि शेवटी सैन्य सांभाळणारा कॉकबर्न या तिघांना नोकरीतून काढून टाकलं. काढलं ते हरल्याबद्दल, शब्द मोडल्याबद्दल नव्हे. गॉडर्ड फेब्रुवारीत सुरतेला पोचला आणि युद्ध आणखी तीन वर्षं चाललं. १७८१ मध्ये तो स्वतः बोरघाटापर्यंत आला आणि त्यालाही तिथून परत फिरावं लागलं.

इथे काहीजण म्हणतात की मराठे फसले. मी तितकं सरळ मानत नाही. फार्मरने अधिकाराची गोष्ट आधीच सांगितली होती. महादजी आणि नाना यांना हे ऐकून माहीत होतं. त्यांच्या हातात कोंडलेली फौज होती, ती ते कापू शकले असते. त्यांनी त्याऐवजी कबूल घेतलं, ओलीस घेतले आणि रघुनाथराव घेतले, जे मंजुरीवर अवलंबून नव्हते. चूक असेल तर ती एवढीच की समोरचा कबूल म्हणतो तेव्हा तो स्वतःला बांधून घेतो, असं त्यांनी धरलं. आपल्या बोलीत ते तसंच असतं. कंपनीच्या बोलीत बोलणारा एक आणि बांधला जाणारा दुसरा, आणि तो दुसरा हजारो मैलांवर.

पण नाना शिकणाऱ्यांतले होते. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला महादजींनी डेव्हिड अँडरसनबरोबर तह केला. हेस्टिंग्जची मंजुरी जूनमध्येच आली. आता घाई इंग्रजांना होती. दक्षिणेत हैदर अलींनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते, आणि हैदर अलींशी नानांचा करार होता. नाना सही करेनात. कागद पुण्यात पडून राहिला, महिन्यामागून महिना. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर अली वारले, त्यानंतरच पुण्याची मंजुरी सुटली, आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये दोन्ही बाजूंचे शिक्क्याचे कागद एकमेकांना मिळाले. या वेळी पाहणारी नजर पुण्याची होती, आणि वाट पाहणारे कलकत्त्याचे.

सालबाईत साष्टी इंग्रजांकडेच राहिली, वसई परत आली, रघुनाथरावांना दरमहा २५ हजारांची नेमणूक मिळाली. आणि भडोच महादजी शिंद्यांना देण्यात आलं. त्याचं कारण असं दिलं की वडगावला त्यांनी कंपनीच्या फौजेशी उदारपणा दाखवला आणि ओलिसांना चांगलं वागवून सोडून दिलं. वडगावचा कागद कंपनीच्या लेखी कधी मंजूर झालाच नव्हता, पण त्यातलं भडोचचं कबूल केलेलं देणं चार वर्षांनी बक्षीस म्हणून दिलं गेलं.